वळिवड्याचा निरोप

कोल्हापूरकडच्या घरात लग्न ठरलं की पहिल्या दोन-चार वाक्यांतच गांधीनगरचं नाव निघतं. बस्ता बांधायचा तर गांधीनगरातच. मानपानाच्या साड्या, आहेराचे टॉवेल-टोप्या, पोरांचे कपडे, सगळं एका फेरीत. सिंधी व्यापाऱ्यांची ही पेठ शहरापासून सात-आठ किलोमीटरवर, वळिवडे गावाला लागून आहे. गादीवर बसून, चहा पीत, साड्यांचे ढीग उलथेपालथे करताना आपण कुठे बसलो आहोत याचा विचार कोण करतो? पण १९४३ ते १९४८ या काळात याच जमिनीवर एक अख्खं पोलिश गाव नांदत होतं. पाच हजारांच्या आसपास माणसं. त्यात बायका आणि मुलंच जास्त, आणि मुलांमध्ये अनाथालयात राहणारीही बरीच.

ही हकीकत आता तशी नवी नाही. अधूनमधून वर्तमानपत्रांत येते, पुस्तकं निघाली आहेत, माहितीपट झाले आहेत. पण त्यात सगळा भर असतो तो येण्यावर. कशी आली, कुणी आसरा दिला, आपण किती मोठ्या मनाचे वगैरे वगैरे. मला मात्र गेले काही दिवस त्या गोष्टीचं दुसरं टोक खुणावतंय. म्हणजे ती माणसं गेली कशी? पाच वर्षं ज्या मुलांना सांभाळलं त्यांना निरोप कसा दिला असेल? या प्रश्नाला एक घरगुती कारण आहे, ते पुढे सांगतो. आधी गोष्ट.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी पोलंडमध्ये घुसला हे आपण शाळेत शिकलो. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून रशिया घुसला, हे मात्र परीक्षेत फारसं कुणी विचारलं नाही. त्या पूर्वेकडच्या पोलंडमधून फेब्रुवारी १९४० पासून कुटुंबंच्या कुटुंबं रात्रीतून उचलून गुरांच्या वाघिणींत कोंबली आणि सैबेरिया, कझाकस्तानकडे पाठवली. जंगलतोड, शेतावरची वेठ, थंडी, उपासमार. शेकडो मैलांवर बाप कैदेत. त्यातले बरेच बाप १९४० च्या वसंतातच कातिन आणि इतर ठिकाणी गोळ्या घालून मारले गेले होते, पण घरच्यांना त्याचा पत्ता नव्हता.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला आणि चित्र पालटलं. स्टालिनला दोस्तांची गरज पडली, पोलिश कैद्यांची सुटका झाली, जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली पोलिश फौज उभी राहू लागली. १९४२ मध्ये या फौजेबरोबर बायकामुलंही इराणकडे बाहेर पडली. सगळे मिळून एक लाखाच्या वर. पण सगळ्यांना निघता येत नव्हतं. मग कित्येक आयांनी आपली मुलं फौजेबरोबर चाललेल्या अनाथालयांच्या स्वाधीन केली. आई जिवंत असताना पोर अनाथ म्हणून नोंदवलं, कारण अनाथ म्हटलं की गाडीत जागा मिळण्याची शक्यता होती. तिथे राहिलं तर मरेल, गेलं तर जगेल, इतका साधा हिशोब.

तेव्हा वळिवड्याच्या किंवा जामनगरजवळच्या बालाचडीच्या मुलांबद्दल बोलताना हे आधी लक्षात ठेवावं लागतं. ती भारतात पोचण्याआधीच निरोपात पारंगत झाली होती. घराला निरोप, बापाला निरोप, वाटेत पुरलेल्या धाकट्या भावंडाला निरोप, आणि शेवटी स्टेशनात उभ्या असलेल्या आईला.

मुलांची पहिली तुकडी १९४२ मध्ये अश्गाबादहून मशहद, झाहेदान, क्वेट्टा असा हजारो किलोमीटरचा प्रवास करून मुंबईला आली. त्यांच्यासाठी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला समुद्राकाठी छावणी उभारली. मुलांनी आपल्याला वडील मानावं असं त्यांनी सांगितलं, आणि मुलं त्यांना बापू म्हणू लागली. वळिवड्याची छावणी पुढच्या वर्षीची, १९४३ ची. इराणमधून कराचीमार्गे आलेली कुटुंबं इथे आणली गेली. दगडी जोती, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, अशा लांबच लांब बराकी. त्यांत एकेका कुटुंबाला दोन खोल्या, स्वयंपाकाला जागा आणि पुढे ओसरी. चर्च, दवाखाना, शाळा, नाटकाचं सभागृह, सगळं होतं. अनाथ मुलांसाठी वेगळी व्यवस्था होती. भाजीवाले, दूधवाले, फळवाले आसपासच्या गावांतून रोज येत. सौदा करण्यापुरतं मोडकंतोडकं मराठी-हिंदी मुलांच्या तोंडात बसलं होतं म्हणतात. बसणारच! भाव करताना भाषा लवकर येते.

इथे थोडं थांबून आपल्या पाठीवरची थाप जरा हलकी करू या. छत्रपतींनी आश्रय दिला असं आपण सरसकट म्हणतो. संस्थानाने जागा दिली, ते उपकार मोठेच. पण तेव्हाचं कोल्हापूर कसं होतं बघा. राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० मध्ये वारले होते. गादीवर दत्तक घेतलेले बालराजे होते, वयाने वळिवड्यातल्या सगळ्यात लहान पोरांच्या बरोबरीचे. ते बालराजेही सप्टेंबर १९४६ मध्ये गेले. कारभार त्यांच्या नावाने चालत होता. छावणीची व्यवस्था इंग्रज सरकारच्या संमतीने झाली आणि खर्चाचा भार लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारवर होता. म्हणजे एका पोरक्या राज्याने पोरक्या मुलांना जागा दिली, असंच म्हणायला हवं.

मुलांना आसरा देणं मात्र कोल्हापूरला नवीन नव्हतं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग सुरू केलं तेव्हापासून शहरात एकामागून एक वसतिगृहं निघाली. जैन, मुसलमान, १९०८ चं मिस क्लार्क, आणखी किती तरी. त्या वसतिगृहांची एक गंमत आहे. प्रत्येक समाजाचं बोर्डिंग वेगळं, आणि बहुतेक ठिकाणी चालवणारी माणसं त्या-त्या समाजातली. महाराज जागा देत, पैसा देत. जातवार वसतिगृहांवर तेव्हाही टीका झाली, आजही होते. पण खेड्यातून पहिल्यांदा शहरात आलेल्या पोराला आपल्यासारखं बोलणारं, आपल्यासारखं जेवणारं माणूस भोवती लागतं, ही जाण त्यामागे होती.

वळिवड्यात नेमकं तसंच घडलं. आपण जागा दिली, पण मुलांना आपलंसं करून घेतलं नाही. ऐकायला हे कोरडं वाटेल. माझ्या मते तिथे जे चांगलं झालं त्याचं मर्म यात आहे.

छावणीचा सगळा रोख परत जाण्यावर होता. शाळेत शिकवण पोलिशमधून. बालवाडीपासून थेट कॉलेजच्या उंबरठ्यापर्यंत. पुस्तकं नव्हती तिथे शिक्षकांनी टिपणं लिहून काढली. उद्या पोलंडला गेल्यावर मुलगा मागे पडू नये, त्याला आपला इतिहास, आपली प्रार्थना, आपली गाणी यावीत. स्काउटची चळवळ तर जोरातच होती. तिचे प्रमुख झ्जिस्वाव पेश्कोव्स्की हे स्वतः रशियाच्या कैदेतून वाचलेले लष्करी अधिकारी. त्यांचे सोबती कातिनला मारले गेले, ते वाचले. पुढे ते धर्मगुरू झाले. वांदा दिनोव्स्का ही पोलिश बाई आधीपासून भारतात राहिलेली, इथे उमादेवी म्हणून ओळखली जाणारी. ती मुलांना हा देश समजावून सांगायची. म्हणजे भारताची ओळखही त्यांना त्यांच्याच भाषेतून, त्यांच्याच माणसाकडून होत होती.

आणि सांभाळणारी माणसं टिकून होती. शिक्षिका, नर्स, स्काउटमास्तर, पाद्री सगळे त्याच बराकींत राहत होते. त्यांचंही घर गेलं होतं. मुलांना सोडून घरी परत जाण्याची सोय त्यांना नव्हती. आज याला कोणी सेवा म्हणेल, तेव्हा ते निव्वळ एकत्र राहणं होतं.

त्याच सुमारास जगात इतरत्र काय चाललं होतं याची दोन उदाहरणं इथे सांगाविशी वाटतात, कारण दोन्हींत हाच धागा आहे.

पहिलं वॉर्सातलं. डॉक्टर यानुश कोर्चाक तिथे ज्यू मुलांचं अनाथालय चालवत. नाझींनी ते घेट्टोत हलवायला लावलं. १८ जुलै १९४२ ला कोर्चाक यांच्या मुलांनी तिथे एक नाटक केलं. कुठलं? रवींद्रनाथांचं ‘डाकघर’. खिडकीशी बसलेल्या, घराबाहेर जाऊ न शकणाऱ्या, शेवटी जगाचा निरोप घेणाऱ्या मुलाचं नाटक. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात या मुलांना ट्रेब्लिंकाला नेलं. कोर्चाक यांना वाचण्याच्या संधी आल्या होत्या, त्यांनी त्या घेतल्या नाहीत. दोनशेच्या आसपास मुलांबरोबर ते गेले. त्याच जुलै महिन्यात इकडे बालाचडीला पोलिश मुलं येऊन दाखल होत होती. एकाच देशाची मुलं, एकच महिना. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे काही वाचू शकलो नाही.

दुसरं लंडनचं. बाँबहल्ल्यांच्या काळात ॲना फ्रॉइड यांनी हॅम्पस्टेडला लहान मुलांसाठी पाळणाघरवजा निवास चालवला. मुलांना खायला-प्यायला होतं, औषधपाणी होतं, माया करणारी माणसंही होती. तरी मुलं हरवल्यासारखी. मग त्यांनी मुलांचे छोटे छोटे गट पाडले आणि प्रत्येक गटाला एकच ठरलेली बाई दिली, आईसारखी. मुलं आधी उफाळली, रडली, त्या बाईवर हक्क सांगू लागली, आणि मग वाढीला लागली. मुलाला खूप जणांची थोडी थोडी माया पुरत नाही. एका माणसाची रोजची हजेरी लागते. युद्धानंतर, १९५१ मध्ये, जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालातही हेच मांडलं.

आता निरोपाकडे येतो.

१९४५ च्या मे महिन्यात युरोपातलं युद्ध संपलं. वळिवड्यात आनंद व्हायला हवा होता. पण यांची गावं होती पूर्व पोलंडमध्ये, आणि तो भाग दोस्तांनी रशियाला देऊन टाकला होता. जुलैमध्ये इंग्लंडने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनच्या पोलिश सरकारची काढून घेतली. ज्या सरकारच्या पैशावर छावणी चालत होती ते एका दिवसात कागदावरून पुसलं गेलं. ज्या घरी परत जाण्यासाठी मुलांना तयार केलं, ते घर आता दुसऱ्या देशात होतं. छावणीचा खर्च पुढे आंतरराष्ट्रीय मदत संस्थांनी उचलला, पण जायचं कुठे याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

ज्यांचे आईबाप सापडले ती मुलं सापडलेल्यांकडे जाणार होती. ज्यांचं कोणी नाही त्या मुलांचं काय? त्यांच्यावर हक्क कुणाचा? नवं पोलिश सरकार म्हणत होतं, आमची मुलं आम्हाला द्या. सांभाळणाऱ्यांना भीती होती की ज्या राजवटीने त्यांना अनाथ केलं तिच्याच हाती ती पुन्हा जातील. अनुराधा भट्टाचार्जी यांनी ‘द सेकंड होमलँड’ (२०१२) या पुस्तकात सांगितलं आहे की बालाचडीच्या अनाथ मुलांना बळजबरीने परत पाठवता येऊ नये म्हणून जामसाहेब आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी त्यांना कायदेशीररीत्या दत्तकच घेतलं. दत्तक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते वारस म्हणून घरात आणलेलं मूल. इथे दत्तक घेतलं ते मुलांना जिथे जायचं तिथे जाता यावं म्हणून. ठेवून घेण्यासाठी नाहीच. पालकत्वाचा हा अर्थ मला फार मोठा वाटतो.

१९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली आणि तिथली बरीच मुलं वळिवड्याला आली. आणखी एक निरोप, आणखी एक नवं ठिकाण. पण इथे आपली भाषा बोलणारं आख्खं गाव भेटलं, हे त्यातल्या त्यात बरं.

आणि मग १९४७-४८ मध्ये वळिवडं रिकामं होत गेलं. एकदम नाही. एकेक तुकडी निघायची. ज्यांचे बाप-भाऊ पोलिश फौजेतून लढून इंग्लंडमध्ये उतरले होते ते तिकडे. काही पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांमध्ये, काही ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला, अमेरिकेला. काही जण पोलंडलाही परतले. शेजारच्या दोन खोल्यांतली मैत्रीण लंडनला आणि आपण सिडनीला. वळिवडे स्टेशनवर हे निरोप किती वेळा झाले असतील याची मोजदाद कोण करणार? आधी गाडीतले हात हलवायचे, फलाटावरचे हात हलवायचे. पुढच्या महिन्यात फलाटावरचे गाडीत. शेवटी फलाटावर राहिली ती इथलीच माणसं.

काही जण गेलेच नाहीत. जी इथे वारली ती कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. काही मुलींनी इथल्या मुलांशी लग्नं केली आणि नऊवारीच्या घरात सून म्हणून नांदल्या. कोल्हापुरातच आयुष्य काढून अस्सल मराठी बोलणारी अशी एक आजी पुढे वर्तमानपत्रांतून सगळ्यांना माहीत झाली. पोलिश वकिलातीच्या अधिकाऱ्याची पत्नी आणि रेडक्रॉसची प्रतिनिधी म्हणून या सगळ्या मुलांसाठी खपलेल्या किरा बानासिंस्का तर भारतातच राहिल्या, हैदराबादला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम केलं आणि २००२ मध्ये तिथेच वारल्या.

बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी निर्वासित तिथे आले आणि त्या वस्तीचं गांधीनगर झालं. आणि ज्यांच्या नावाने ते नगर झालं त्या गांधीजींच्या खुनानंतर, १९४८ च्या सुरुवातीला, याच कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं-दुकानं जळाली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. परक्यांची पोरं सांभाळणारं गाव आणि शेजाऱ्याचं घर पेटवणारं गाव ही दोन वेगळी गावं नव्हती. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण वगळलं तर गोष्ट खोटी होईल.

आता ते घरगुती कारण. माझ्या आतेबहिणीची मुलगी इंजिनिअरिंग संपवून दोन महिने नेपाळमधल्या एका अनाथालयात व्हॉलंटिअर म्हणून राहून आली. पैसे स्वतः साठवलेले, हौस मनापासूनची. मुलांना इंग्रजी शिकवलं, केस विंचरून दिले, चित्रं काढली. फोटो दाखवताना ती खुलून बोलत होती. मग एका फोटोपाशी थांबली. निघायच्या दिवशी सगळी मुलं गळ्यात पडून रडली, पण तो सहा वर्षांचा एक मुलगा रडला नाही. त्याने शांतपणे एवढंच विचारलं, “आता तुझ्यानंतर कोण येणार?”

“मामा, मी त्याला काय म्हणायला हवं होतं?” असं तिने मला विचारलं. मला काही सुचेना. तो मुलगा धीट होता म्हणून रडला नाही असं नाही. त्याचे निरोप मोजून संपले होते. दर दोन महिन्यांनी एक ताई येते, खूप जीव लावते आणि जाते. मायेचं हे वेळापत्रक त्याला पाठ झालं होतं.

या प्रकाराकडे आता जग गंभीरपणे बघायला लागलं आहे. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने यावर मोठी चर्चा झाली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मुलांच्या हक्कांविषयीच्या ठरावात अनाथालयांमधल्या अशा कार्यक्रमांनी होणाऱ्या नुकसानीची दखल घेतली. नेपाळमध्ये तर आईवडील हयात असलेली मुलं शिक्षणाच्या आशेने डोंगरातल्या गावांतून आणून शहरातल्या अशा ठिकाणी ठेवल्याची प्रकरणं उघडकीला आली आहेत. आई जिवंत असताना अनाथ म्हणून नोंदवलेलं पोर... १९४२ मध्ये ते जगावं म्हणून केलं होतं. आज पाहुण्यांना भेटायला कुणीतरी हवं म्हणून होत असेल, तर काय म्हणायचं?

भाचीला मी उपदेश केला नाही. तिच्या मनात खोट नव्हती आणि तिने त्या मुलांना दिलेलं सगळंच वाया गेलं असंही नाही. वळिवड्याची ही गोष्ट मात्र तिला सांगितली. म्हटलं, निरोपाच्या दिवशी काय बोलावं हा प्रश्न त्या दिवशी सुटत नाही. तो मुलाच्या रोजच्या जगण्यात कोण टिकून आहे यावर ठरतो. वळिवड्याच्या मुलांना फलाटावर सोडणारी माणसं बदलली, देश बदलले, पण त्यांची भाषा, शाळा, स्काउटचा गट, भावंडासारखे सोबती हे त्यांच्याबरोबर गाडीत चढलं. म्हणून तो निरोप त्यांना सोसला. बाहेरून आलेल्याने करण्यासारखं काम असेल तर तिथे कायम राहणाऱ्या बाईचे हात बळकट करण्याचं. तिला चार दिवस सुटी मिळू दे, स्वयंपाकघरातलं ओझं कमी होऊ दे, हिशोबाच्या वह्या नीट होऊ देत. जीव लावायचं काम तिचं. आपण जायचं असेल तर तारीख पहिल्याच दिवशी सांगावी आणि जे पाळता येणार नाही ते कबूल करू नये. ती म्हणाली, पण मग फोटो कसले काढायचे? आम्ही दोघंही हसलो. हसत हसत ती बरोबर बोलली होती.

वळिवड्याच्या निरोपाला आणखी एक शेपूट आहे, आणि ते मला सगळ्यात जास्त आवडतं. ती मुलं जगभर पांगली, पण हरवली नाहीत. त्यांनी भारतात राहिलेल्या पोलिश लोकांचं मंडळ काढलं, वर्षानुवर्षं भेटत राहिली, सगळ्यांच्या आठवणी गोळा करून २००० मध्ये लंडनहून जाडजूड ग्रंथ काढला. कोल्हापूरला ती पुन्हा पुन्हा आली. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ऐंशी-नव्वदीतली काही ‘मुलं’ पोलंडच्या उपपरराष्ट्रमंत्र्यांबरोबर वळिवड्याला येऊन गेली. तिकडे वॉर्सामध्ये २०१७ साली कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभं राहिलं. २१ ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधान मोदींनी तिथे फुलं वाहिली तेव्हा आपल्याकडे बातम्या झळकल्या आणि बऱ्याच कोल्हापूरकरांना पहिल्यांदाच कळलं की आपल्या गावाचं स्मारक युरोपात आहे!

परत येणाऱ्याला आपण विचारतो, काय आठवतं? त्यांच्या आठवणींत राजवाडा, समारंभ, भाषणं कमीच. ओसरी, शाळा, पाऊस, आंबे, बाजार हेच जास्त. मुलाच्या लक्षात राहतो तो सांभाळलेला दिवस, सांभाळणाऱ्याचं नाव कित्येकदा राहत नाही. ज्यांना हे चालतं त्यांनीच या कामात पडावं.

असो. लांबलं बरंच. एक विनंती आहे. पोलिश मुलांच्या आठवणी त्यांनी लिहून ठेवल्या. छावणीत दूध घालणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, बराकींची कौलं चढवणाऱ्या, फलाटावर शेवटी उरलेल्या आपल्या माणसांच्या आठवणी फारशा कुणी लिहिल्या नाहीत. ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. वळिवडे, उचगाव, रुकडीकडे ज्यांची घरं आहेत त्यांनी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारून बघा. लहानपणी आज्यानं काय सांगितलं, गोरी पोरं काय म्हणायची, गाडी सुटली तेव्हा कोण कोण गेलं होतं बघायला. आणि काही कळलं तर मला जरूर सांगा.